खोडलेल्या ओळीखालची टिंबं

“हीच का गं ती? आपल्या अक्कानं जिची चूक पोटात घातली, ती?”

मी रिकामा पेला ठेवायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते. आवाज तुमच्या हुबळीच्या आत्यांचा होता. लगेच तुमच्या धाकट्या बहिणीचा, शोभाताईंचा, दबका आवाज आला, “हळू हो आत्या, बाहेरच आहे ती. लहान पोर आहे, झाली चूक. अक्का तर म्हणायची, मरी घाबरट आहे, आपणच सांभाळून घ्यायला हवं.”

मरी म्हणजे मी. कन्नडात लेकराला लाडानं मरी म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. नाशिकहून आलेली मी तो शब्द ऐकून दचकले होते आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होतात. त्यानंतर तीन वर्षं ऑफिसात मला दुसऱ्या कुठल्या नावानं तुम्ही हाक मारल्याचं आठवत नाही.

अक्का, मी पेला घेऊन तशीच मागे वळले.

परवा तुमचा तेरावा झाला. तुमच्याकडे त्याला वैकुंठ समाराधना म्हणतात, हेही मला आमंत्रणाच्या मेसेजवरून कळलं. मल्लेश्वरमच्या तुमच्या हॉलमध्ये पाहुण्यांच्या दोन पंगती उठल्या होत्या. कोपऱ्यात स्टुलावर तुमचा फोटो होता, मोगऱ्याचा हार घातलेला. तो फोटो ऑफिसच्या वार्षिक दिवसाचा आहे. तुमच्या शेजारी मी उभी होते. फोटो कापला तेव्हा मी गेले, पण माझ्या ओढणीचं निळं टोक तुमच्या खांद्याजवळ राहून गेलंय. ते काय आहे, हे तिथे माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल.

मी त्या टोकाकडे बघत उभी असताना शोभाताई हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, “पोरी, आम्ही अक्काच्या आठवणींचं छोटं पुस्तक करतोय, घरच्यांसाठी आणि तुमच्या ऑफिससाठी. तू लिही. अक्कानं तुला कसं सांभाळून घेतलं, ते लिही.”

शेजारी आपले मॅनेजर रघु सर होते. निपाणीचे असल्यानं त्यांच्या बोलण्यात ‘की’ असतोच. “लिहील की,” ते म्हणाले, “लिहिणं तर कामच आहे तिचं. आणि हे बघा ताई, अक्कांनी घालून दिलेला फॉरमॅट आम्ही आहे तसाच ठेवणार. एक टिंब बदलायचं नाही. त्याला अक्कांचंच नाव द्यायचं ठरलंय, शैला फॉरमॅट.”

मी मान हलवली. तुम्हाला माहीत आहे, मी मान हलवते तेव्हा त्याचा अर्थ ‘हो’ असतोच असं नाही.

तर आता लिहिते आहे. तुम्हालाच लिहिते आहे, कारण ते घडलं तेव्हा तिथे तुमच्या-माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यातल्या तुम्ही आता बोलणार नाही.

माझ्या आईला अजून मी काय काम करते ते नीट सांगता येत नाही. तिला मी सांगते, फायरवॉल म्हणजे संगणकाच्या दारावरचा पहारेकरी. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, याचे नियम त्याच्याकडे असतात. ते नियम बदलायचे तर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावा लागतो. हुकमापुढे दोन डॅश देऊन जो शब्द लिहितात तो ऑप्शन. असे शेकडो ऑप्शन असतात, आणि प्रत्येक ऑप्शन काय करतो हे मी लिहिते. आई म्हणते, “म्हणजे पहारेकऱ्याला काय काय सांगता येतं, त्याची यादी.” तुम्हाला ही व्याख्या इतकी आवडली होती की नवीन आलेल्या प्रत्येकाला तुम्ही ती ऐकवायचात, माझ्या आईचं नाव घेऊन.

मी आले तेव्हा त्या यादीची दशा झाली होती. एका इंजिनिअरनं ऑप्शनपुढची किंमत, म्हणजे त्याला द्यायचा आकडा किंवा शब्द, कोनी कंसात लिहिलेली, दुसऱ्यानं मोठ्या अक्षरांत, तिसऱ्यानं बरोबरचं चिन्ह देऊन. कुठे आधी लांब नाव, कुठे आधी आखूड. काही वाक्यांना पूर्णविराम, काहींना नाही. तुम्ही ती पानं माझ्यापुढे टाकून म्हणालात, “हे बघ, मरी. हे चार जणांनी केलेलं घर आहे. प्रत्येकानं आपली खिडकी वेगळ्या उंचीवर लावली. आता आत राहायचं कुणी?”

मग तक्त्यातली तुमची चार घरं. पहिल्यात नाव: आखूड, स्वल्पविराम, लांब. दुसऱ्यात किंमत. तिसऱ्यात, काहीच दिलं नाही तर काय धरायचं ते. चौथ्यात एक वाक्य. फक्त एक. क्रियापदानं सुरू होणारं, पूर्णविरामानं संपणारं. तुम्ही ते कागदावर लिहून माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलंत. तो कागद अजून तिथेच आहे, चिकटपट्टी पिवळी पडली आहे.

मला ती चौकट आवडली, अक्का. खोटं कशाला सांगू, मला ती माणसांपेक्षा जास्त आवडली. शाळेत मी हात वर न करणाऱ्यांतली. मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करणारी शाळा, आणि इंग्रजी बोलताना चुकलं की हसणाऱ्या मुली. गप्प राहणं हेच सगळ्यात सोयीचं होतं. तुमच्या चार घरांत मला आवाज चढवावा लागत नव्हता. एका ओळीत क्रियापद कुठे बसतं, एवढंच बघायचं. कोरमंगलाच्या पीजीत परतल्यावरही मी जेवणाच्या मेन्यूतल्या स्वल्पविरामांच्या चुका काढत बसायचे.

पण तुम्ही गप्प बसू कुठे देत होतात! प्रत्येक ओळ इंग्रजीत लिहिण्याआधी मराठीत म्हणून दाखवायची, मोठ्यानं, एका दमात. तुमचं मराठी मल्लेश्वरमचं, चार पिढ्या इथे मुरलेलं, त्यात ‘थोडं थांब’चं ‘स्वल्प थांब’ आणि ‘बरं’चं ‘सरी’ झालेलं. माझं आईच्या तोंडचं, त्यात निम्मं इंग्रजी. “मराठीत सांगता आलं नाही, म्हणजे तुला कळलेलंच नाही,” तुम्ही म्हणायचात. “इंग्रजीत न कळलेलं पण छान लिहिता येतं. मराठीत जीभ अडते बघ.” मी पुटपुटायचे. तुम्ही कानामागे हात धरायचात. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडायचं, “अक्कांची शाळा सुरू!” आणि माझे कान लाल व्हायचे. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी अख्खी वाक्यं बोलते आहे, आणि मधे कुणी हसत नाहीये.

हे तुमचं देणं आहे. ते मी नाकारणार नाही. पुढचं लिहिताना मला हेच जड जातंय.

आपल्यासारखी कामाची पद्धत ऑफिसात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. बाकी सगळे पडद्यावर एकमेकांचं तपासायचे. तुम्हाला पडद्यावर चूक दिसायची नाही, कागदावर दिसायची. म्हणून दर गुरुवारी मी पानं छापून आणायची, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायची, आणि तुम्ही हिरव्या पेनानं त्यांवर खुणा करायच्या. तांबडा पेन शाळेतल्या बाईंचा, आपला हिरवा, असं म्हणायचात. खोडायचं असलं की सरळ एक रेघ. खोडलेलं परत ठेवायचं असलं की त्याखाली तीन टिंबं. टिंबं म्हणजे ‘राहू द्या’. मग त्या खुणा बघून मी बदल टाइप करायचे आणि पाठवायचे. तुम्ही कळफलकाला बोट लावायचा नाहीत. त्यामुळे कुठली ओळ कधी आली, कधी गेली, कुणी बदलली, याची जी नोंद संगणक आपोआप ठेवतो, तिच्यात सगळीकडे एकच नाव आहे. माझं. पहिल्या वर्षी मला त्याचा अभिमान वाटायचा. शेकडो बदल, प्रत्येकापुढे मी.

‘फ्लश’ या ऑप्शनची ओळ अशाच एका गुरुवारी आली.

डॅश डॅश फ्लश. हा दिला की फायरवॉलचे सगळे नियम पुसले जातात. ऐकायला साफसफाईसारखं वाटतं. पण ‘नियम नसेल तर कुणालाच आत सोडू नकोस’ असं पहारेकऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं असलं, तर नियम पुसल्यावर तो कुणालाच ओळखत नाही, पुसणाऱ्यालाही नाही. घरी बसून दूरच्या मशीनवर काम करणारा माणूस त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. हे मी एका इंजिनिअरला तीनदा विचारून समजून घेतलं होतं. चौथ्या घरात एका वाक्याऐवजी दोन वाक्यं लिहिली होती. दुसरं वाक्य इशाऱ्याचं.

तुम्ही त्यावर हिरवी रेघ मारलीत.

मी म्हणाले, “अक्का, हे असू दे ना.”

“एक वाक्य, मरी.”

“पण हे धोक्याचं आहे.”

“धोक्याचं सगळं शेवटच्या प्रकरणात एकत्र घेऊ. एकासाठी चौकट मोडली की उद्या प्रत्येक इंजिनिअर येईल, माझंही धोक्याचं आहे म्हणत.”

“शेवटपर्यंत कोण जातं, अक्का? माणूस एक ऑप्शन शोधतो, तेवढी एक ओळ वाचतो, आणि चालवतो.”

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “जो वाचत नाही, त्याच्यासाठी आपण लिहीत नाही.”

या वाक्याला उत्तर होतं. ते मला त्या दिवशी बस सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकली असताना सुचलं. आपण त्याच्यासाठीच लिहितो, जो घाईत आहे. पण टेबलावर ते मी बोलले नाही. मी ती ओळ पुसली आणि पाठवली. बोट माझं होतं. हे मी कुठेही लपवणार नाही.

शेवटचं प्रकरण लिहायचं राहून गेलं. पुढच्या आवृत्तीत घेऊ, असं तुम्ही दोनदा म्हणालात.

आणि मग गेल्या वर्षी त्या इस्पितळाच्या माणसाचं पत्र आलं. एका लहान गावातलं इस्पितळ, सगळा संगणक विभाग म्हणजे तो एकटा. रविवारी घरून काम करत होता. जुने नियम साफ करावेत म्हणून आपलं पान उघडलं, ओळ वाचली, हुकूम दिला. मशीननं त्याला बाहेर काढलं, आणि इस्पितळातल्या प्रत्येक खिडकीवरच्या संगणकालाही. तो बस पकडून गेला. तो पोचेपर्यंत पेशंट रांगेत उभे होते, आणि कर्मचारी त्यांची नावं वहीत लिहून घेत होते. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. पत्र रागाचं नव्हतं. शेवटी एवढंच होतं, की ‘मी तुमचं पान वाचूनच केलं, पानावर धोक्याचं काहीही लिहिलेलं नव्हतं.’

ते मी चार वेळा वाचलं. हा वाचणारा माणूस होता, अक्का. न वाचणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग. रघु सर, दोन इंजिनिअर, तुम्ही, मी. भिंतीवरच्या पडद्यावर ती नोंद उघडली. इशाऱ्याचं वाक्य तांबड्या पट्टीत, म्हणजे काढून टाकलेलं. शेजारी माझं नाव. रघु सर मला म्हणाले, “हे तू काढलंस होय?”

मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता अक्का बोलतील. इतकी खात्री होती की मला भीतीही वाटली नाही.

तुम्ही बोललात. म्हणालात, “रघु, पोरगी नवीन आहे. तपासायची जबाबदारी माझी होती. जे काय असेल ते माझ्या नावावर लिही.”

आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात.

मी ते वाक्य नंतर कितीदा उलटून पालटून पाहिलं आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. सगळ्यांत नवीन मीच होते. जबाबदारी तुमची होती. तरी ते वाक्य संपलं तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की चूक माझी आहे आणि मोठेपणा तुमचा. इंजिनिअरांपैकी एकजण बाहेर पडताना म्हणाला, “लकी आहेस, अशी बॉस मिळाली.” इतकं नेटकं वाक्य तुम्ही कुठल्या ऑप्शनसाठीही लिहिलं नव्हतं.

माझी नोकरी पक्की होणं सहा महिने पुढे गेलं. माझी प्रत्येक ओळ दुसरं कुणीतरी तपासू लागलं. नवीन आलेल्या मुलांना माझं उदाहरण सांगितलं जातं, नाव न घेता, माझ्याकडे न बघता. तुम्ही त्या आठवड्यात शेवटचं प्रकरण लिहून काढलंत, सगळे इशारे त्यात घातलेत. फ्लशच्या चौथ्या घरात मात्र आजही एकच वाक्य आहे. ते वाचून उद्या आणखी कुणीतरी बाहेर फेकलं जाईल.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर स्टीलचा डबा होता. तुमच्या घरची चिरोटी. तुम्ही ‘खा’ म्हणालात, मी खाल्ली. डबा धुऊन परत केला.

मी वाट बघितली. मला वाटायचं, अक्कांना सगळं ठाऊक आहे, एक दिवस त्या रघु सरांना बाजूला घेऊन सांगतील. मी तुमच्या बाजूनं कारणंही शोधून ठेवली होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, ही चौकट म्हणजे यांचं आयुष्यभराचं काम आहे, ती चौकटच चुकली असं सगळ्यांसमोर म्हणणं किती कठीण. हे मी समजू शकत होते. तुम्ही गप्प राहिलात एवढंच असतं, तर गप्प राहणाऱ्या माणसाला मीच सगळ्यात जास्त समजू शकले असते.

पण तुम्ही घरी जाऊन सांगितलंत. तिथे रघु सर नव्हते, पडदा नव्हता, नोंद नव्हती. तिथे कुणी काही विचारलंही नसेल. जेवताना शोभाताईंना तुम्ही सांगितलंत की मरी चुकली आणि मी सांभाळून घेतलं. परवा दाराशी पेला घेऊन उभी असताना मला हे कळलं. तुम्ही वाट बघायला लावत नव्हतात. तुमच्या लेखी ती गोष्ट केव्हाच संपली होती.

मग तुम्ही इस्पितळात होतात, ती दुपार काय होती?

तुम्ही शेवटच्या महिन्यात होतात, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला असावं. मी भेटायला आले तेव्हा पर्समध्ये तो कागद होता. फ्लशचं पान, तुमच्या हिरव्या रेघेचं. मी ते कधी टाकलं नव्हतं. सोबत हिरवा पेनही आणला होता. मला भांडायचं नव्हतं. मला फक्त तीन टिंबं हवी होती. खोडलेल्या ओळीखाली तीन टिंबं, म्हणजे ‘राहू द्या’. ती कुणाला दाखवायचीही नव्हती. माझ्यापाशी राहिली असती.

मी काही न बोलता कागद तुमच्या पांघरुणावर ठेवला, पेन हातात दिला. तुम्ही कागद ओळखलात. तुम्ही तो बराच वेळ धरून ठेवलात. पेनाचं टोक त्या ओळीवर गेलं.

तुम्ही ओळीच्या मधे एक स्वल्पविराम घातलात.

“विसरली होतीस बघ,” म्हणालात. आणि दमून डोळे मिटलेत.

खोडलेल्या ओळीत कुणी स्वल्पविराम घालतं का, अक्का? ती ओळ तुमच्यासाठी मेलेली असती, तर तिच्यातली चूक दुरुस्त कशाला केलीत? आणि जिवंत होती, तर टिंबं द्यायला किती वेळ लागला असता? मी घरी येताना ऑटोत हाच विचार करत होते. स्वल्पविराम हीच तुमची माफी होती, असं ठरवून टाकलं होतं. त्यावर मी वीस दिवस काढले. परवा स्वयंपाकघराच्या दाराशी ती माफीही माझ्या हातून गेली. आता मला वाटतं, तुम्हाला चूक दिसली आणि हात थांबला नाही, एवढंच असेल. खरं काय ते मला कधीच कळणार नाही, आणि याचा मला तुमच्या जाण्यापेक्षा जास्त राग येतो. हे लिहायला नको होतं. पण खोडणार नाही.

तर परवाचं.

जेवणं झाली, लोक पांगले. मी निघाले. दाराशी चपला घालत होते. रघु सर शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होते. शोभाताई आतून स्टीलचा डबा घेऊन आल्या. तोच डबा, झाकणावर पोचा पडलेला.

“चिरोटी आहे. अक्का म्हणायची, तुला आवडते.” डबा हातात देऊन त्यांनी माझ्या गालाला हात लावला. “आणि ते लिही हं, विसरू नकोस. तुझी चूक तिनं स्वतःच्या नावावर घेतली, हे नक्की लिही. आजकाल कोण करतं असं?”

मी मान हलवायला लागले. मग थांबवली.

“ताई,” मी म्हणाले, “ती ओळ मी लिहिली होती. अक्कांनी खोडली. त्यांनी खोडली म्हणून मी पुसली.”

माझा आवाज एवढा हळू होता की शोभाताईंनी कानामागे हात धरला, अगदी तुमच्यासारखा. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं असावं, कारण हुबळीच्या आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रघु सरांच्या हातात नाडी तशीच राहिली.

“असं कसं?” आत्या म्हणाल्या. “मेलेल्या माणसावर...”

“आत्या, स्वल्प थांबा,” शोभाताई म्हणाल्या.

मी पर्समधून कागद काढून दिला. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना ती रेघ तुमची आहे हे सांगावं लागलं नाही. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, मग ते मधेच थांबलं.

“हा स्वल्पविराम नंतरचा आहे. शाई ताजी दिसते.”

“इस्पितळात घातला. मी भेटायला आले होते तेव्हा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हॉलमधल्या तुमच्या फोटोकडे. रडल्या नाहीत. रघु सर एक बूट पायात, एक हातात, असे उठून जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागले. “अरे,” एवढंच म्हणाले. ओळ वाचून झाल्यावर, “मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?” मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाले, “असू दे. विचारलं पण नाही की आम्ही नीट.”

शोभाताईंनी कागद घडी न करता दोन्ही हातांत धरून ठेवला. “इंग्रजी येतं मला,” त्या म्हणाल्या, “पण हे काय आहे ते कळत नाही. काय होतं या ओळीत? एवढं काय होतं?” आणि मी तोंड उघडायच्या आत, “मराठीत सांग. मराठीत सांगता आलं नाही तर कळलेलं नसतं, म्हणायची ती.”

मला वाटलं होतं जीभ अडेल. हॉलमधून तुम्ही बघत होतात, शेजारी माझ्या ओढणीचं टोक. मी डबा खाली ठेवला आणि एका दमात, मोठ्यानं म्हणाले:

“हे चालवलं की सगळे नियम पुसले जातात. तुम्ही लांबून आत आला असाल, तर तुमचंही दार बंद होईल. आधी स्वतःपुरतं दार उघडं ठेवा, मगच चालवा.”